गादीतला कापूस, राजाबाई टॉवर आणि सुप्याची होळी : प्रेमचंद रायचंदची गोष्ट

निमगाव सावा, तालुका जुन्नर इथून. आजचा भाग कानात इयरफोन घालून ऐकणाऱ्यांसाठी आहेच, पण ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

सांगतात की १८६३-६४ च्या आसपास मुंबईत लोकांनी घरातल्या गाद्या उसवल्या. आतला कापूस काढला आणि बाजारात नेऊन विकला. नवीन गादी घेण्यापेक्षा जुन्या गादीतला कापूस महाग झाला होता. हे शब्दशः किती घरांत झालं ते सोडा, पण कापसाचा भाव असा होता की ही गोष्ट लोकांना खरी वाटत होती. आणि या सगळ्या वेडाच्या मध्यभागी एक माणूस होता. वय जेमतेम तिशीचं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा. नाव प्रेमचंद रायचंद.

मुंबईत चर्चगेट ते ओव्हल मैदान चालत गेला असाल तर त्याच्या आईचं नाव तुम्ही वाचलंय. राजाबाई टॉवर. तो तिचाच.

आता ही गोष्ट सुरू होते मुंबईपासून हजारो किलोमीटर लांब.

युद्ध तिकडे, पैसा इकडे

१२ एप्रिल १८६१. अमेरिकेत फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडची राज्यं गुलामांकडून कापूस पिकवून घ्यायची. तो कापूस बोटीने लिव्हरपूलला जायचा आणि तिथून मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांत. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला बहुतांश कापूस अमेरिकेचाच होता. एकाच पुरवठादारावर पूर्ण धंदा. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नसलेला सर्व्हर.

लिंकनने आठवड्याभरात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस अडकला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले. याला तिकडे 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला, आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना पत्र लिहून त्यांच्या त्यागाची दखल घेतली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आपण अशा माणसांची गोष्ट ऐकणार आहोत ज्यांनी त्याच युद्धातून फक्त नफा बघितला.

गिरणीमालकांना दुसरा कापूस हवा होता. तो होता आपल्याकडे, गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथे. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचराही बराच. लँकेशायरचे कामगार त्याला 'सुरत' म्हणायचे आणि मनापासून शिव्या द्यायचे, कारण सूत सारखं तुटायचं. पण पर्याय नव्हता. भाव काही पटींनी वर गेला. एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माल थेट मुंबई बंदरात उतरायला लागला. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या कमाईपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्त मिळाले, असा दिनशा वाच्छांचा अंदाज आहे. त्या काळातले ८ कोटी पौंड!

आता प्रश्न असा, की एवढा पैसा एका शहरात अचानक आला तर तो जाणार कुठे?

वडाच्या झाडाखालचा राजा

प्रेमचंद मूळचा सुरतचा, जैन व्यापारी कुटुंबातला. लहानपणीच मुंबईला आला, इंग्रजी शिकला. त्या काळात टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली हातावर मोजण्याइतके दलाल जमायचे आणि बँकांचे वगैरे शेअर घ्यायचे-विकायचे. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी दलाल म्हणजे दुर्मीळ. प्रेमचंद तसा होता. साहेबाशी थेट बोलायचा, कागद स्वतः वाचायचा.

त्याची खरी ताकद म्हणजे माहिती. म्हणतात की लिव्हरपूलची टपाल आणणारी बोट धक्क्याला लागायच्या आधीच त्याची माणसं होडी घेऊन समुद्रात जायची आणि तिकडचा भाव विचारून यायची. बाकी बाजाराला बातमी कळेपर्यंत याचा सौदा झालेला. आज शेअर बाजारात मोठ्या कंपन्या एक्सचेंजच्या शेजारी सर्व्हर ठेवतात ते कशासाठी? दोन मिलिसेकंद आधी भाव कळावा म्हणून. प्रेमचंदने तेच होडीने केलं.

कापसात पैसा आला, पण त्याचं नाव झालं ते शेअरमध्ये. १८६० च्या आसपास मुंबईत साठेक दलाल होते. तेजीच्या काळात दोनशेच्या वर गेले. कंपन्या तर पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ जमीन कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

या जमीन कंपन्यांचं स्वप्न एकच, समुद्रात भराव टाकायचा, जमीन तयार करायची, विकायची. त्यात सगळ्यात गाजली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा शेअर ५,००० रुपये भरलेला. तो ५०,००० पर्यंत गेला. आणि जमीन? ती अजून पाण्याखालीच होती. लोक समुद्र विकत घेत होते, म्हणा ना.

आणि या कंपनीमागे प्रेमचंद होता. नव्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार हे तो ठरवायचा. ज्याला शेअर मिळाले तो दुसऱ्या दिवशी श्रीमंत, कारण बाजारात लगेच वाढीव भाव. साहजिकच सकाळी त्याच्या दारात रांग लागायची. त्यात व्यापारी, वकील आणि गोरे अधिकारी, सगळे.

खेळ नेमका कसा चालायचा

हे जरा नीट समजून घेऊ, कारण इथेच खरी मेख आहे.

फायनान्शियल असोसिएशन म्हणजे शेअर तारण ठेवून कर्ज देणारी कंपनी. तुमच्याकडे बॅकबेचा एक शेअर आहे. तो तारण ठेवला, कर्ज घेतलं, त्या कर्जातून दुसरा शेअर घेतला. मागणी वाढली म्हणून भाव वाढला. भाव वाढला म्हणून तारणाची किंमत वाढली. मग आणखी कर्ज. आणि ज्या असोसिएशनने कर्ज दिलं, तिचेही शेअर बाजारात, तेही तारण ठेवता येतात. वर्तुळ पूर्ण.

शिवाय वायद्याचे सौदे. आज भाव ठरवायचा, पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. खिशात पैसे नसले तरी लाखोंचे सौदे करता यायचे. मुंबईतल्या अशा बऱ्याच सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

या सगळ्यात एक जागा सुरक्षित असायला हवी होती. बँक ऑफ बॉम्बे. ही १८४० ची बँक. सरकारचे त्यात शेअर होते, सरकारने नेमलेले संचालक होते. जुन्या नियमांनी तिला जपून कर्ज द्यायला लागायचं. १८६३ मध्ये नवा कायदा आला आणि ते नियम सैल झाले. शेअर तारण ठेवून कर्ज देता यायला लागलं. प्रेमचंदचं बँकेच्या व्यवस्थापनावर एवढं वजन पडलं की त्याला स्वतःला आणि त्याच्या शब्दावर दुसऱ्यांनाही कर्ज मिळत गेलं. ज्या बँकेने ब्रेक लावायचा, तिनेच ॲक्सिलरेटर दाबला.

गव्हर्नर तेव्हा सर बार्टल फ्रियर. मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडून नवं शहर उभं करणारा माणूस म्हणून आपण त्याला ओळखतो. हाच फ्रियर पुढे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि डिसेंबर १८७८ मध्ये झुलू राजा सेत्श्वायोला अशक्य अटींचा निर्वाणीचा खलिता देऊन त्याने युद्ध ओढवून घेतलं. इसांडलवानाला इंग्रजी फौजेचा सपाटून पराभव झाला तो याच युद्धात. मोठी कामं करणारी माणसं मोठे घोळही घालतात. हे वाक्य प्रेमचंदलाही लागू आहे.

बातमी आली

९ एप्रिल १८६५. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली अपोमॅटॉक्स इथे शरण आला. युद्ध संपलं.

अटलांटिकखालून तार अजून नव्हती. बातमी बोटीने इंग्लंडला आली आणि तिथून नुकत्याच सुरू झालेल्या तारेने हिंदुस्थानात. कापसाचे भाव त्याआधीपासूनच डळमळत होते, आता ते कोसळले. जगात शांतता झाली आणि मुंबईत रडारड. विचार करा, लाखो माणसं मेलेलं युद्ध थांबल्याची बातमी एका अख्ख्या शहराला वाईट बातमी वाटली.

मे महिन्यापासून मोठ्या पेढ्या बुडायला लागल्या. १ जुलैला वायद्याचे पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा देणारा कुणी नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याकडून येणं आहे म्हणून सांगत होता आणि तो दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवत होता. दिवाळखोरी एवढी झाली की सरकारला त्यासाठी त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकेकाळी २,८५० रुपयांवर गेला होता. तो ८७ रुपयांवर आला.

१८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ भरली. तेजीसाठी आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली.

बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. सैल केलेला कायदा, सेक्रेटरींचा कारभार, संचालकांचं दुर्लक्ष, असाधारण काळ, असे सगळ्यांवर ठपके आले. त्याच नावाची नवी बँक काढली गेली. ती १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. म्हणजे तुमच्या गावातल्या एसबीआयच्या वंशावळीत हा किस्सा आहे.

आणखी एक कुटुंब यात होरपळलं. टाटा. जमशेटजींचे वडील नसरवानजी यांचा प्रेमचंदशी व्यवहार होता. तरुण जमशेटजी देशी बँक काढायच्या उद्देशाने लंडनला गेले होते, तेवढ्यात इकडे सगळं कोसळलं. टाटांचं घर सावरलं कशामुळे? दुसऱ्या एका युद्धामुळे. १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी ॲबिसिनियावर स्वारी केली, तिच्या पुरवठ्याच्या कंत्राटात नसरवानजींचा वाटा होता. त्यानंतर १८६९ ला चिंचपोकळीला गिरणी, आणि १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल. एका युद्धाने बुडवलं, दुसऱ्याने तारलं, आणि त्यातून उद्योग उभा राहिला. इतिहास असा सरळ नसतो, मंडळी.

मग प्रेमचंदचं काय?

तो बुडाला, पण संपला नाही. पुन्हा धंद्यात उभा राहिला, मात्र आधीसारखा राजा झाला नाही. १९०६ मध्ये वारला.

तेजीच्या काळात, १८६४ मध्ये, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी २ लाख दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केला, पायाभरणी १८६९ ला झाली आणि १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. उंची सुमारे २८० फूट. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून घड्याळाचे टोले ऐकू यावेत, अशी एक गोष्ट सांगतात. कलकत्ता विद्यापीठालाही त्याने २ लाख दिले. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती तिथे आजही नामांकित आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं दान केलं, मग माणूस चांगलाच की! आणि कुणी म्हणेल, लोकांचे पैसे बुडवून दान कसलं? मला वाटतं दोन्ही बाजू फक्त मुंबई बघतात. आपण जरा घाट चढून वर येऊ.

१८७५ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

९ जुलै १८७५. मुंबईच्या दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली. आजचा बीएसई म्हणजे तीच. ३१८ सभासद, प्रवेश फी १ रुपया. सुरुवातीच्या मंडळींत प्रेमचंद होता.

त्याच्या जवळजवळ दोन महिने आधी, १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या आणि घरं गाठली, कर्जाची खतं आणि चोपड्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. माणसं मारायचा हेतू नव्हता, कागद जाळायचा होता. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. आपल्या शेजारचे शिरूर आणि पारनेर तालुके त्यात होते. ठिणगी तर आधीच पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्याला काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांचं घर पाडायला घेतलं, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला.

याचा कापसाशी काय संबंध? आपल्या भागात कापूस काही फार पिकत नव्हता, हे खरं. पण तेजी फक्त कापसाची नव्हती. धान्याचे भाव वाढले होते, गाडीवाल्यांना भाडं मिळत होतं, रेल्वेच्या कामावर रोज मिळत होता. पैसा खेळता होता म्हणून सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. शेतकरी घेत होता. मग युद्ध संपलं, भाव उतरले, रेल्वेची कामं आटोपली. आणि नेमकं याच सुमाराला, १८६७ पासून, सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. तेजीतले भाव बघून सारा वाढवला, काही ठिकाणी निम्म्याहून जास्त. उत्पन्न खाली, सारा वर.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचं खत तीन वर्षांतच वसूल करायचं, नाहीतर ते बाद. कायदा केला होता शेतकऱ्याच्या भल्यासाठी. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल व्हायचं. समजा १०० रुपये, वर्षाला २४ टक्के. तीन वर्षांनी १७२. त्याचं नवं खत. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. शेतकऱ्याने मधे एक पैसाही नव्याने घेतलेला नाही. क्रेडिट कार्डाचं किमान बिल भरणाऱ्यांनी हे गणित एकदा परत वाचा.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. आता न्यायाधीश खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासू शकत होता, हप्ते पाडून देऊ शकत होता, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यातला राग कुठून आला, हे या पार्श्वभूमीवर जास्त कळतं.

हिशोब कुणी भरला?

मुंबईतला दलाल बुडाला तेव्हा त्याच्यासाठी त्याच वर्षी दिवाळखोरीचा कायदा झाला. दख्खनमधला शेतकरी बुडाला तेव्हा कायदा यायला चौदा वर्षं लागली, आणि त्याआधी शेकडो माणसं तुरुंगात गेली. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. बॅकबेचे ५०,००० त्यापुढे काहीच नाहीत.

प्रेमचंदने शेतकऱ्याला लुटलं असं मी म्हणत नाही. त्याने सुप्याचं नाव ऐकलं असेल-नसेल. पण त्याने आणि त्याच्याभोवतीच्या बँकवाल्यांनी, साहेबांनी एक समज पक्का केला, की चढता भाव कायमचा असतो. त्या समजावर सावकाराने कर्ज दिलं, सरकारने सारा ठरवला. भाव उतरला तेव्हा हे तिघेही आपापल्या परीने सावरले.

आपल्याकडे नारायणगावच्या बाजारात जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं होतं. सगळ्या देशाच्या टीव्हीवर जुन्नर तालुका. दोन महिन्यांत तेच क्रेट शे-दीडशेवर आलं, आणि तेव्हा कॅमेरे नव्हते. ज्यांनी तो चढा भाव बघून उसनवारीवर नवी लागवड केली, त्यांना १८६५ समजावून सांगायची गरज नाही.

आणि जे मोबाइलवर ऑप्शन खेळतात त्यांच्यासाठी एवढंच. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १० पैकी ९ पेक्षा जास्त वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. प्रेमचंदकडे होडी होती, तुमच्याकडे ॲप आहे. पण ज्याची होडी आधी पोचते तो तुम्ही नसता.

पुढच्या वेळी राजाबाई टॉवरखालून जाल तेव्हा वर जरूर बघा, इमारत खरंच सुंदर आहे. फक्त त्या मनोऱ्याची गोष्ट सांगताना सुप्याच्या होळीचीही सांगा.

भाग आवडला तर मित्रांना पाठवा, आणि तुमच्या गावात दख्खनच्या उठावाची एखादी आठवण आजी-आजोबा सांगत असतील तर व्हॉइस नोट करून ठेवा.